डायकर हाइट्सची नाताळची रोषणाई : लोकांच्या दारासमोर उभे राहून पाहावी का, आणि पाहायची तर कशी?

काळी_माती :
नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात राहतो, कापूस आणि तूर घेतो. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात. यंदा वेचणीचे काम धाकट्या भावाच्या हवाली करून मी व पत्नी डिसेंबरात त्यांच्याकडे जाणार आहोत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डायकर हाइट्स या वस्तीत नाताळची रोषणाई पाहायला आम्हाला न्यायचे, असे मुलीने ठरवले आहे. तिने पाठवलेल्या चित्रफितीत छपरांच्या कडांपासून अंगणातल्या झुडपांपर्यंत सगळीकडे दिवे आहेत आणि पदपथावर माणसांची रीघ लागलेली आहे.

रोषणाई पाहण्याची मला मनापासून इच्छा आहे, परंतु एक गोष्ट मनात अडते. हे मंदिर नव्हे, जत्रा नव्हे, बाजारपेठही नव्हे. ही लोकांची राहती घरे आहेत. आत कुणी जेवत असेल, कुणाचे लेकरू नुकतेच झोपले असेल. आपल्या गावात अनोळखी माणूस कुणाच्या फाटकासमोर थोडा वेळ जरी उभा राहिला, तरी घरधनी बाहेर येऊन 'कोण पाहिजे, भाऊ?' असे विचारतो आणि ते रास्तच आहे. तेव्हा अशा वस्तीत जाऊन परक्यांच्या घरांकडे पाहत उभे राहणे त्या लोकांना खरोखर आवडते का? आणि जायचेच असेल तर केव्हा, कोणत्या मार्गाने? पत्नीचे गुडघे दुखतात, तिला सलग फार चालवत नाही. ज्यांनी पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ब्रुकलिनचा_आर्वीकर :
काका, अवश्य या. मी मूळचा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा असून नोकरीनिमित्त या वस्तीपासून जवळच राहतो, आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दर हिवाळ्यात तिथे नेतो.

आधी ठिकाण नीट समजून घ्या. डायकर हाइट्स ब्रुकलिनच्या नैर्ऋत्य भागात आहे. संपूर्ण वस्ती उजळलेली नसते. मुख्य रोषणाई ११व्या ते १३व्या अॅव्हेन्यूच्या (म्हणजे रस्त्यांना आडवे छेदणाऱ्या मार्गांच्या) दरम्यान आणि ८३व्या ते ८६व्या रस्त्यांवर एकवटलेली आहे. थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटल्यावर, एकेक घर सजू लागते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक घरे तयार असतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत हे चालते. त्या दिवसांत इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचनंतर दिवे लागलेले दिसतात आणि रात्री नऊच्या आसपास घरे ते मालवू लागतात. तिकीट नाही, प्रवेशद्वार नाही, आयोजक समितीही नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या मर्जीने आणि आपापल्या खर्चाने हे करते. काही जण स्वतः शिडीवर चढतात, तर अनेक जण सजावटीचा व्यवसाय करणाऱ्यांना बोलावतात आणि त्यासाठी हजारो डॉलर मोजतात.

आता तुमचा खरा प्रश्न. या रोषणाईची सुरुवात १९८६ च्या सुमारास ८४व्या रस्त्यावरच्या एका बाईंनी केली, असे इथे सर्वत्र सांगितले जाते. त्यांच्या आईला नाताळच्या सजावटीची फार आवड होती आणि तिच्या आठवणीखातर त्यांनी आपले घर सजवायला घेतले. आरंभी काही शेजाऱ्यांना ते रुचले नाही. पुढे हळूहळू तेच शेजारी आपापल्या अंगणात दिवे लावू लागले. याच रस्त्यावर एका घरासमोर दुमजली घराच्या उंचीचे खेळण्यातले शिपाई उभे केलेले असतात. ते पाहिल्यावर हा खटाटोप घरातल्यांपेक्षा रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी अधिक आहे, हे आपोआप कळते. सगळी मांडणी रस्त्याच्या दिशेने केलेली असते, घरातून ती धड दिसतही नाही. म्हणून पदपथावरून पाहणे हे डोकावणे ठरत नाही. मात्र पदपथ संपून पायऱ्या किंवा हिरवळ सुरू झाली, की तिथून पुढे ते खासगी घर आहे. ही रेघ पाळली तर कुणाला वावगे वाटणार नाही.

मोर्शीची_संत्री :
काकूंच्या गुडघ्यांसाठी एक सुचवते. माझ्या सासूबाईंना आम्ही तिथे नेले होते, तेव्हा घडीची छोटी खुर्ची सोबत घेतली होती. पदपथ सपाट आहेत, त्यामुळे चाकाची खुर्चीही चालते. गर्दीत मात्र ती ढकलणे जिकिरीचे होते. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते बुधवारपैकी एखादी संध्याकाळ निवडा. सगळे रस्ते पालथे घालण्याचा अट्टहास करू नका. ८४वा रस्ता ११व्यापासून १३व्या अॅव्हेन्यूपर्यंत निवांत पाहिला तरी मन भरते.

थंडीविषयी तुमचा समज वेगळा असू शकतो. आपल्याकडे नागपूर-गोंदियाला पारा सात-आठ अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात. तिथे डिसेंबरच्या संध्याकाळी शून्य ते पाच अंश ही नेहमीची गोष्ट आहे आणि वर समुद्रावरून येणारे वारे असते. दिवे पाहताना माणूस चालतो कमी आणि उभा अधिक राहतो, त्यामुळे थंडी आधी पायांना लागते. काकूंना साडीखाली लोकरीची विजार, दोन जोड मोजे आणि बंद बूट हवेतच.

धानपट्टा :
मला या कौतुकात सामील होता येत नाही, आणि त्याचे कारण मी स्पष्ट लिहितो. साकोलीकडे आमची उन्हाळी धानाची शेती आहे. कृषिपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळते. रात्रीच्या आठवड्यात माझे वडील आजही मध्यरात्री बॅटरी घेऊन ओलितासाठी बांधावर जातात. साप-विंचू असतात, रानडुकरे असतात. वीज म्हणजे काय चीज आहे, हे आम्हाला तिथे कळते. आणि इकडे एका कुटुंबाने केवळ शोभेसाठी घरावर हजारो दिवे लावायचे आणि आपण अर्धी पृथ्वी ओलांडून ते पाहायला जायचे? काकाजी, तुमच्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही. लेकीकडे जाताय, सुखाने जा. पण ही उधळपट्टी आपण वाखाणावी, असे मला वाटत नाही.

तारजोड :
धानपट्टाभाऊंचे दुखणे खरे आहे. मी इलेक्ट्रिशियन आहे आणि पंपाची जोडणी करायला मीही रात्री-अपरात्री शेतात गेलो आहे. परंतु हिशेब मांडून पाहावा, असे मला वाटते.

अमेरिकेत घरांच्या छपराला लावायचा जुन्या पद्धतीचा मोठा रंगीत बल्ब सुमारे ७ वॅटचा असे. असे १,००० बल्ब म्हणजे ७,००० वॅट. आपल्या भाषेत नऊ हॉर्सपॉवरहून अधिक. हा भार खरोखरच मोठा होता. आता त्याच आकाराचा एलईडी दिवा साधारण अर्ध्या-पाऊण वॅटवर चालतो, म्हणजे तितकेच १,००० दिवे एक हॉर्सपॉवरच्या आसपास येतात. तुमच्या शेतातला पाच हॉर्सपॉवरचा पंप सुमारे ३,७०० वॅट घेतो. तेव्हा एलईडी लावलेल्या एका सजलेल्या घराचा भार तुमच्या एका पंपापेक्षा कमी असू शकतो. फुगवलेल्या कापडी आकृत्यांचे पंखे आणि फिरत्या बाहुल्यांच्या मोटारी यांचा भार वेगळा धरावा लागेल, आणि काही घरांना जुन्या बल्बांचा पिवळसर उजेडच आवडतो, हेही खरे.

रात्रीच्या ओलिताचे कारण ब्रुकलिनच्या दिव्यांत नाही. दिवसा सगळीकडून मागणी असते म्हणून शेतीचा भार वाटून दिला जातो. त्यावर उपाय म्हणजे शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौरवीज देणे. आपल्या राज्यात २०१७ मध्ये त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ज्या वाहिन्यांवर असे काम झाले तिथे शेतकरी दिवसा पाणी देऊ लागले आहेत. आपल्या वाहिनीवरही ते व्हावे, हा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे.

जाता जाता काकांना एक महत्त्वाची सूचना. तिकडून हौसेने माळा विकत आणू नका. तिकडे १२० व्होल्ट आहे आणि आपल्याकडे २३०. त्यांच्या छोट्या दिव्यांच्या माळेत अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब एकापुढे एक जोडून १२० चा मेळ घातलेला असतो. तीच माळ आपल्या बोर्डात लावली तर प्रत्येक बल्बला जवळपास दुप्पट दाब बसेल आणि ती जळेल. आग लागण्याचाही धोका आहे.

धानपट्टा :
तारजोडभाऊ, हिशेब समजला आणि पटला. उधळपट्टी हा शब्द एलईडीच्या घरांपुरता मी मागे घेतो. दिवसा वीज मिळाली पाहिजे, हे मात्र मी प्रत्येक ठिकाणी लिहीत राहणार.

तारजोड :
अवश्य लिहा. मीही लिहितो.

निवृत्त_शिक्षक_पुसद :
विजेच्या माळांचा उगम न्यूयॉर्कमध्येच झाला, हे काळी_माती यांना प्रवासापूर्वी ठाऊक असावे म्हणून लिहितो. संशोधक थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या नाताळात आपल्या मॅनहॅटनमधील घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे ८० बल्ब हाताने जोडून झाड उजळवले, आणि ते झाड विजेवर फिरतही होते. त्याआधी झाडावर मेणबत्त्या लावत आणि घरे पेट घेत. १८९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या काळात व्हाइट हाउसमधील झाडाला विजेचे दिवे लागले. ही चैन श्रीमंतांपुरतीच होती, कारण तारा जोडायला जाणकार कारागीर लागे. तयार माळा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी. आणि मुलगी ज्या एडिसन गावात राहते त्याचे नाव याच शास्त्रज्ञावरून पडले आहे. ज्या मेन्लो पार्कमध्ये त्यांनी १८७९ मध्ये टिकणारा विजेचा दिवा तयार केला, ते त्याच गावात आहे. तिथे स्मारक म्हणून उंच मनोरा उभारलेला आहे. रोषणाई पाहण्यापूर्वी एखाद्या दुपारी तिथे जाऊन यावे.

पैनगंगा_काठ :
मी वाशिम जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबातली आहे. दिव्यांविषयी बरेच लिहून झाले, ते कशासाठी लावतात याविषयी थोडे लिहिते.

आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत. डिसेंबर लागला की वडील बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी करत आणि ती अंगणातल्या उंच काठीवर टांगत. येशूजन्माच्या वेळी पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा जो तारा दिसला, त्याची ती खूण. चांदणी घरात लावत नाहीत, ती बाहेरच लावतात, कारण वाटेवरच्या माणसाला दिसावी हाच तिचा हेतू असतो. गावातले सगळेच लोक ती पाहायला येत आणि आई त्यांना करंज्या, चकल्या देत असे. म्हणून काकांनी विचारलेला प्रश्न वाचल्यावर मला प्रथम हेच सुचले की नाताळचा दिवा पाहणे यात संकोच करण्यासारखे काही नाही. पाहणाऱ्यावाचून तो अपुरा आहे.

डायकर हाइट्समध्ये इटलीहून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे तिथे एक गोष्ट मुद्दाम शोधा. सांताक्लॉज, हिममानव आणि शिपाई यांच्या गर्दीत कुठेतरी गोठ्याचा देखावा असतो : गव्हाणीत बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ, मेंढपाळ, गाय आणि गाढव. हा देखावा मांडण्याची प्रथा इटलीतच रुजली. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेचो या गावी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून तो मांडला होता. शेतकऱ्याला तो देखावा सगळ्यांत जवळचा वाटेल. त्याच्यासमोर घटकाभर थांबा.

मेळघाट_वाट :
पैनगंगाताई, फार मोलाचे लिहिलेत.

निळी_पताका :
काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे गावाकडचेच उत्तर आहे. १४ एप्रिलला आमची सगळी वस्ती उजळलेली असते. विहाराला माळा असतातच, पण प्रत्येक घरही आपापल्या ऐपतीप्रमाणे सजते. कुणी छतावरून पाच माळा सोडतो, कुणी दारात एकच निळा बल्ब लावतो. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक पाहायला येतात. ते आले नाहीत तर आम्हाला चुकल्यासारखे वाटेल. परंतु येणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात, हे मी यजमानाच्या बाजूने सांगतो. काही जण गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून पायी येतात, 'जयभीम' म्हणतात, लेकरांना उचलून दिवे दाखवतात आणि पाणी दिले तर पितात. काही जण मोटारसायकल गल्लीत घालून हॉर्न वाजवत फिरतात, कुणाच्या ओट्यावर उभे राहून फोटो काढतात आणि पत्रावळ्या तिथेच टाकून जातात. त्या दुसऱ्या दिवशी आमच्या आयाबहिणी झाडतात. डायकर हाइट्सच्या घरधन्यांनाही हे दोन्ही पाहुणे ठाऊक असणार. दिवे पाहून झाले की अंगणात कुणी उभे दिसले तर त्यांना दोन शब्द बोलून या. जावई भाषांतर करतील. वर्षभर पैसे बाजूला काढून ज्याने हे उभे केले, त्याला ते ऐकायचे असते.

सातपुडा_सावली :
मी थोडे विरोधात लिहिणार आहे. मी काही वर्षे ब्रुकलिनमध्ये होते आणि त्या वस्तीतल्या लोकांची दुसरी बाजूही ऐकली आहे. एका हंगामात लाखाहून अधिक लोक तिथे येतात. सहलीच्या बसगाड्या अरुंद रस्त्यांत अडकतात, रहिवाशांना स्वतःच्या घरी गाडी नेता येत नाही, रुग्णवाहिकेला वाट मिळेल की नाही याची वृद्धांना चिंता असते आणि सकाळी अंगणात कागदी पेले पडलेले असतात. दिवे न लावणारी कुटुंबेही तिथे राहतात. त्यांनी तर कुणालाच बोलावलेले नसते. म्हणून 'त्यांना आवडतेच' असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही. काहींना आवडते, काही सोसतात.

ज्यांना संकोच आहे त्यांनी संपूर्ण गल्ली मिळून जिथे उत्सव करते अशी ठिकाणे पाहावीत, असे मी सुचवेन. बाल्टिमोर शहराच्या हॅम्पडेन भागात ३४व्या रस्त्याच्या एका टप्प्यावर १९४७ पासून दोन्ही बाजूंची घरे सजतात आणि एका छपरापासून समोरच्या छपरापर्यंत रस्त्यावरून माळा टाकलेल्या असतात. दुसरे ठिकाण कॅलिफोर्नियातील अल्टाडेना. तिथे सांता रोसा अॅव्हेन्यूवर १९२० पासून घरे नव्हे, तर रस्त्याच्या दुतर्फा असलेली झाडे उजळवली जातात, आणि ती झाडे आपल्या हिमालयातली देवदार आहेत. १८८५ च्या सुमारास ती तिथे लावली गेली. जानेवारी २०२५ च्या भीषण वणव्यात त्या गावातली हजारो घरे जळाली, पण हे देवदार बहुतांशी वाचले. मुलीचे घर न्यू जर्सीत असल्यामुळे कॅलिफोर्निया तुम्हाला दूर पडेल. पण या धाग्यावर तिकडचे कुणी असेल तर त्यांनी अवश्य जावे.

ब्रुकलिनचा_आर्वीकर :
सातपुडाताईंचा मुद्दा मला मान्य आहे, माझ्या लिहिण्यात ती बाजू यायला हवी होती असे त्यांच्या प्रतिसादावरून वाटते. फक्त बाल्टिमोर एडिसनहून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे, आणि काकूंना इतका वेळ गाडीत बसवून न्यावे असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा गर्दीत भर पडणार नाही अशा रीतीने डायकर हाइट्सला जाणे चांगले.

काळी_माती :
सर्वांचे प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवले. निळी_पताका यांचे म्हणणे आम्हा दोघांनाही सर्वाधिक भिडले, कारण १४ एप्रिलला आमच्या गावातही आम्ही त्या वस्तीत जातो आणि तिथे कधी परके वाटले नाही. पैनगंगाताईंनी सांगितलेला गोठ्याचा देखावा पत्नीला सगळ्यांत आधी पाहायचा आहे. सातपुडाताईंच्या लिहिण्यामुळे एक निर्णय पक्का झाला : सहलीच्या बसने जायचे नाही आणि शनिवार-रविवारी तर नाहीच.

आता व्यवहारातले तीन प्रश्न उरतात. एडिसनहून गाडीने यावे की रेल्वेने? गाडी आणली तर ती कुठे लावावी? आणि पत्नीला मधुमेह असल्यामुळे शौचालयाची सोय कुठे आहे, हे आधी कळायला हवे.

ब्रुकलिनचा_आर्वीकर :
काकूंसाठी गाडीच बरी. एडिसनहून गोथल्स पुलावरून स्टेटन आयलंड ओलांडायचे आणि व्हेराझानो पुलावरून ब्रुकलिनमध्ये उतरायचे. उतरल्यावर वस्ती अगदी जवळ आहे. दोन्ही पुलांना टोल आहे. जावयांना सांगा की गाडी उजळलेल्या रस्त्यांत मुळीच घालू नये. काकूंना आणि मुलीला ८६व्या रस्त्यावर ११व्या अॅव्हेन्यूच्या कोपऱ्याशी उतरवावे आणि स्वतः पाच-सहा रस्ते दूर जागा शोधावी. कुणाच्याही गाडीवाटेच्या तोंडाशी गाडी लावू नये, कारण रहिवाशांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते आणि गाडी उचलूनही नेतात.

रेल्वेने यायचेच झाले तर मॅनहॅटनहून शहराच्या मेट्रोच्या 'आर' या मार्गाच्या गाडीने ८६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून वीसएक मिनिटे चालावे लागते. डी गाडीचे ७९व्या रस्त्याचे स्थानकही आहे, पण ती मार्गिका उंचावरून जाते आणि जिने उतरावे लागतात. काकूंना ते नको.

सजलेल्या गल्ल्यांत सार्वजनिक शौचालय नाही, तिथे फक्त घरे आहेत. म्हणून वस्तीत शिरण्यापूर्वी ८६व्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या अॅव्हेन्यूच्या बाजूला, जिथे दुकाने आणि खाणावळी आहेत, तिथे साडेचारच्या सुमारास थांबा. काहीतरी गरम खाऊन-पिऊन घ्या, तिथलीच सोय वापरा आणि पाचला गाडीने ११व्या अॅव्हेन्यूला या. सव्वासहा-साडेसहापर्यंत तुमचे पाहून होईल, आणि मोठी गर्दी त्यानंतर वाढते. तारीख ठरली की इथेच कळवा. मी कामावरून सुटून ८४व्या रस्त्यावर येतो आणि काकूंसाठी घडीची खुर्चीही आणतो.